कुर्डीचं घर व्हीआरमध्ये: जोतं तसंच ठेवू की भिंती उभ्या करू?

उंबरठा:

नमस्कार मंडळी,

प्रश्न एका ओळीचा आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही. त्यामुळे लांबण लावतोय, सांभाळून घ्या.

मी पुण्यात असतो. पोटासाठी कारखान्यांकरता व्हीआर (डोक्यावर हेडसेट चढवून बघायचं आभासी जग) बनवतो. आग लागली तर कुठली झडप आधी बंद करायची, क्रेनखाली का उभं राहायचं नाही, असली प्रशिक्षणं. युनिटी, ब्लेंडर ही सॉफ्टवेअरं आणि क्वेस्ट ३ हा हेडसेट हे रोजचंच, तेव्हा कृपया 'व्हीआर म्हणजे काय' इथून सुरुवात करू नका. अडकलोय ते घरच्या कामात.

आमचं गाव कुर्डी, तालुका सांगे, गोवा. साळावली धरणात गेलेलं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी म्हटलं की महाराष्ट्रातल्या लोकांना लगेच उमगतं, म्हणून तसंच सांगतो. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन धरणाबद्दल सांगून गेले, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी सांगतात. पुढे लोक उठले आणि वाडे आणि वालकिणी या गावांत जाऊन बसले. आता वर्षातले बहुतेक महिने गाव पाण्याखाली असतं. उन्हाळ्यात पाणी उतरत गेलं की आधी बुंधे दिसतात, मग विहिरींचे कठडे, मग घरांची जोती. मेमध्ये सोमेश्वराच्या उत्सवाला सगळे जमतात, ख्रिस्ती शेजारी त्यांच्या कपेलाच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, जागी जमतात. पाऊस लागला की पुन्हा सगळं गडप. मी जेव्हा जेव्हा उपग्रहाचं चित्र उघडलंय तेव्हा आमच्या घरावर मला पाणीच दिसलंय.

गाव सोडलं तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. मला त्या घरातलं काहीही आठवत नाही. आईला आठवतं. ती लग्न होऊन कुर्डीत आली आणि जेमतेम बारा वर्षं राहिली. त्यानंतर चाळीसहून जास्त वर्षं वाड्याला. पण बोलताना 'घर' म्हणजे अजून ते, आणि हे नुसतं 'हंगां', म्हणजे 'इथे'. ती आता ७६ वर्षांची आहे, दोन्ही गुडघे गेलेत. दोन वर्षं झाली, मेमध्ये गावात उतरलेली नाही. गाडीतून लांबून बघते आणि परत फिरायला सांगते. म्हणून ठरवलं, की गुडघ्यांना त्रास न देता तिला तिथे नेऊ. धंदाच हा आहे, तर निदान एकदा घरच्यांसाठी करू.

गेल्या मेमध्ये दोन सकाळी आणि एक संध्याकाळ घालवून आमच्या जोत्याचे आणि आसपासच्या आवाराचे ११४० फोटो काढले. फोटोंवरून त्रिमितीय मॉडेल बनवायचं, हे ठरलेलं तंत्र. जोतं छान आलं. चिऱ्याची खरबरीत भोकं, पायऱ्यांची झीज, सगळं. अंगणाची मात्र वाट लागली. सुकलेला गाळ तडकून जो होतो ना, षटकोनी-पंचकोनी तुकड्यांचा, तो सॉफ्टवेअरला सगळीकडे एकसारखाच दिसला आणि अंगणाचा अर्धा भाग विहिरीवर चढून बसला. हा झाला माझा छोटा प्रश्न.

मोठा प्रश्न पुढे आहे. गणपतीत घरी गेलो तेव्हा आईला पडवीत खुर्चीवर बसवलं आणि हेडसेट लावला. आधी नुसते अवशेष दाखवले. तिने मान फिरवून शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "हे मी दर मेला बघितलंय. आमचें घर खंय?"

मी तयारीत होतो. तीन आठवडे राबून त्याच जोत्यावर मी घर उभं केलं होतं. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे बसायला सोपा, तुळस, शेणाने सारवलेली जमीन. खिडक्या आणि खांब एका तयार संचातून विकत घेतलेले, पण 'गोव्याचं जुनं घर' म्हणून कुणालाही पटतील असे. ते सुरू केलं. आई दाराकडे तोंड करून बराच वेळ बसली. मी म्हटलं, बोट पुढे कर, आत जाता येतं. ती गेली नाही. विचारलं, "कोणाचं रे हे? छान आहे." मग आवाज खाली आणून, "आत कोणी आहे का?"

परक्याच्या दारात माणूस उभं राहतं तशी ती बसली होती. माझे तीन आठवडे गेले याचं काही नाही, पण तो आवाज डोक्यातून जात नाही.

तर प्रश्न: अवशेष दाखवले तर ते तिला आधीच माहीत आहेत. घर बांधलं तर ते तिचं नाही. घराचा एकही फोटो नाही. लग्नाचा एक आहे, त्यात मागे फक्त पडदा. अशा वेळी तुम्ही काय बनवाल?

---

चिखल्या:

छोट्या प्रश्नाचं उत्तर देतो, मोठं माझ्या आवाक्यातलं नाही.

तडकलेल्या जमिनीवर सॉफ्टवेअर गोंधळणारच. पुनरावृत्ती असलेला पोत हा त्याचा शत्रू. पुढच्या वेळी छापील ठिपक्यांची चिन्हं घेऊन जा. रिॲलिटीस्कॅन (पूर्वीचं रिॲलिटीकॅप्चर) किंवा मेटाशेप आपापली चिन्हं ओळखतात. जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, खिळ्याने जमिनीत ठोका, वाऱ्याने हलली तर उपयोग शून्य. दोन चिन्हांमधलं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. फोटोंमधून आकार मिळतो, माप मिळत नाही. नुसत्या फोटोंसाठी तुमचं घर आणि काडेपेटीचं घर सारखंच. पडद्यावर कुणाच्या लक्षात येत नाही, पण डोक्यावर हेडसेट चढला की दार दहा टक्क्यांनी मोठं असलं तरी अंगाला कळतं. 'परकं' वाटण्यात याचा वाटा किती, ते आधी तपासा.

आणखी दोन गोष्टी. एका जागी उभं राहून गोल फिरत फोटो काढू नका. पाऊल सरकलं पाहिजे, नाहीतर कुठली वस्तू किती लांब आहे ते सॉफ्टवेअरला कळत नाही. शेजारच्या दोन फोटोंत सत्तर-ऐंशी टक्के भाग सामाईक ठेवा. आणि मेच्या उन्हात सावल्या मॉडेलमध्ये छापल्या जातात. वळवाच्या आधी आभाळ भरून येतं तो दिवस सोन्याचा. एक्स्पोजर कुलूपबंद ठेवा. पाण्याच्या कडेचा ओला चिखल चमकतो, तो भाग कापूनच टाका.

---

उंबरठा:

@चिखल्या, मापाचं आत्ता पाहिलं. जोत्याची लांबी मी पावलांनी मोजली होती. लाज वाटते सांगायला, कारखान्यात मिलिमीटरवरून भांडतो. मॉडेल सुमारे आठ टक्के मोठं आहे. धन्यवाद.

झाडांच्या बुंध्यांसाठी गॉसियन स्प्लॅटिंग (जाळीऐवजी लाखो धूसर ठिपक्यांनी वस्तू रंगवायचं तंत्र) करून पाहिलं. इन्रिया या फ्रेंच संशोधन संस्थेच्या २०२३ च्या त्या शोधनिबंधानंतर सगळेच करतात. मुळं अप्रतिम येतात, जाळीच्या मॉडेलमध्ये ती चिकटून गोळा होतात. पण लाखो ठिपके दर चौकटीला मागून पुढे लावून रंगवायचे म्हणजे संगणकाला न जोडलेला हेडसेट धापा टाकतो. सेकंदाला ७२ चौकटी हव्यात, म्हणजे एका चौकटीला १४ मिलिसेकंदांहूनही कमी वेळ. फणसाचा एकच बुंधा स्प्लॅटमध्ये ठेवला, बाकी साधं.

---

वालकिणीकर:

मी तिथलाच. आधी एक विचारतो. ११४० फोटोंत शेजाऱ्यांची जोती किती आली? त्यांना विचारलंत?

राग तुमच्यावर नाही. पण मे आला की गाड्या भरून लोक येतात, ड्रोन उडवतात, मोगूबाईंच्या घराच्या भिंतीपाशी उभे राहून रील काढतात, तिच्यावर 'शापित गाव' लिहितात. कसला शाप? सरकारने धरण बांधलं. आमच्या आजीच्या चुलीवर बसून कोणी चिप्स खाल्लेले मी पाहिलेत. चूल म्हणजे आता नुसते तीन चिरे, त्याला काय कळणार. आणि ज्या पाण्यासाठी उठलो, ते आमच्यातल्या किती जणांच्या नळाला वेळेवर पोचलं हाही एक विषयच आहे, पण तो इथे नको.

तुमच्या आईसाठी करताय तर करा. इंटरनेटवर फिरायला टाकू नका. उद्या कोणीतरी त्याचा भुताचा खेळ करेल.

---

उंबरठा:

बरोबर बोललात. आवारात आमच्या डावीकडची दोन जोती आलीत. एक घर आत्याच्या सासरचं, त्यांना सांगितलेलं आहे. दुसरं एका ख्रिस्ती कुटुंबाचं, त्यांची मुलं आता बाहेरदेशी असतात असं ऐकतो. ते जोतं मॉडेलमधून काढून तिथे नुसती जमीन ठेवतो. फाइल माझ्या हेडसेटबाहेर जाणार नाही.

---

नकाशेवाला:

फोटो नाही म्हणता, पण आकाशातून कोणीतरी काढलेला असू शकतो.

अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात जगभराची छायाचित्रं काढली. फिल्मचं रीळ कुपीत घालून खाली सोडायचे आणि विमान ते हवेतच आकड्याने पकडायचं, असला कारभार. १९९५ साली ती ८ लाखांहून जास्त चित्रं खुली केली गेली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थएक्सप्लोरर संकेतस्थळावर जागा टाकून शोधता येतं. आधी कोणीतरी स्कॅन करून घेतलेली चौकट असेल तर फुकट, नसेल तर पैसे भरावे लागतात. शेवटच्या कॅमेऱ्यांची स्पष्टता सुमारे दोन मीटर. माणूस दिसणार नाही, तुळस दिसणार नाही. पण घराचा ठिपका, वाट कुठून वळत होती, माडांची रांग कुठे संपत होती, हे दिसू शकतं. कोरडे महिने बघा, पावसाळ्यात ढगच मिळतील. त्यानंतरची हेक्सागन मालिकाही बरीचशी खुली झाली आहे.

दुसरं, गोव्यात सत्तरच्या दशकात जमिनींचा सर्व्हे झाला. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीचा उतारा) आणि सर्व्हेचा नकाशा घरात कुठेतरी असेलच. भूसंपादनाच्या कागदांत तर तो हमखास लागतो. ट्रंका उपसा. मोबदल्याच्या पंचनाम्यात कधी कधी माड किती, फणस किती, घर कौलारू की गवती, असं लिहिलेलं असतं. सरकारने तुमच्या घराचं केलेलं ते एकमेव वर्णन असेल.

---

कोरीव:

पुरातत्त्व शिकले आहे, म्हणून थोडा कंटाळवाणा मुद्दा.

संगणकावर जुन्या वास्तू उभारणाऱ्यांनी पाळायचं एक पथ्य आहे. २००६ च्या लंडन चार्टरमध्ये ते लिहिलंय. पुराव्यावर काय उभं आहे आणि अंदाजावर काय, हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. तुमच्या विकत घेतलेल्या खिडक्या आणि खरं जोतं एकाच झळाळीत दिसत होतं. मग जोत्याचाही खरेपणा गेला. आईंना परकं वाटलं त्यात मला नवल नाही. अंदाजाचा भाग वेगळ्या रंगात, अर्धपारदर्शक किंवा नुसत्या रेषांत ठेवतात. दिसायला गरीब दिसतं, पण खोटं नसतं.

२०१५ साली मोसुलच्या संग्रहालयातल्या मूर्ती फोडल्या गेल्या तेव्हा जगभरच्या पर्यटकांचे फोटो गोळा करून लोकांनी त्या संगणकावर पुन्हा घडवल्या. तिथे फोटो तरी होते. तुमच्याकडे एक माणूस आहे.

गंमत बघा, कुर्डीचंच कदंबकालीन महादेवाचं देऊळ पुरातत्त्व खात्याने दगड दगड उतरवून धरणाजवळ परत उभं केलं. त्याला अकरा-बारा वर्षं लागली असं वाचलंय. देवळाला तेवढा वेळ दिला गेला. घरांना कोणी दिला नाही, तर तुम्ही तीन आठवड्यांत का उरकताय?

---

शेवंती_सातारा:

तुमच्याएवढं तांत्रिक मला येत नाही. मी ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने सासऱ्यांसाठी आमच्या जुन्या वाड्याचं केलं होतं, ते पाडायच्या आधी. तीन चुका सांगते, तुम्ही करू नका.

पहिली: कॅमेरा स्टँडवर माझ्या उंचीला लावला. सासरे खुर्चीत बसून बघत होते. त्यांना वाटत राहिलं की आपण माळ्यावरून बघतोय. पाय लोंबतायत म्हणाले. बसलेल्या माणसाच्या डोळ्याची उंची वेगळी असते. तुमच्या मॉडेलमध्ये ते बदलता येत असेल, तर आई त्या घरात कुठे बसायच्या ते विचारा आणि तिथूनच दाखवा. सोप्यावर की चुलीपुढे पाटावर? पाटावरून घर निराळंच दिसतं.

दुसरी: आवाज नव्हता. वाडा मुका होता. ते म्हणाले, रहाट कुठे गेला.

तिसरी: मी त्यांना दाखवत होते. त्यांना सांगायचं होतं. डोळे झाकल्यावर ते जास्त बोलायला लागले, हे मला फार उशिरा कळलं. हेडसेट काढून घेतला आणि ते हाताने दाखवत राहिले, इथे कोनाडा, इथे फडताळ. मी रेकॉर्ड केलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले.

---

उंबरठा:

@शेवंती_सातारा, तुमची तिसरी चूक वाचून रात्री आईला फोन केला. बाकी सविस्तर दिवाळीनंतर. सगळ्यांचे आभार.

---

उंबरठा:

मंडळी, धागा वर आणतोय. पाच आठवडे झाले.

विकत घेतलेलं घर पुसून टाकलं. दिवाळीत घरी गेलो तेव्हा हेडसेटमध्ये फक्त दोन गोष्टी होत्या: खरं जोतं (बरोबर मापाचं, आठ टक्के उतरवून) आणि राखाडी ठोकळे. भिंत म्हणजे राखाडी पाटी, खांब म्हणजे राखाडी डबा. आमच्या धंद्यात कुठलंही काम असंच सुरू होतं. गिऱ्हाईक मात्र ते बघून नाक मुरडतं, म्हणून लवकर रंग चढवायची सवय लागलेली.

क्वेस्ट ३ मध्ये कॅमेऱ्यांतून समोरची खरी खोली रंगीत दिसते. ती सोय वापरली. म्हणजे आई वाड्याच्या पडवीतच बसलेली, तिला मी, पंखा, चहाचा कप सगळं दिसतंय, आणि त्यातच कुर्डीच्या राखाडी भिंती खऱ्या मापात उभ्या. अंधारी येणं, मळमळणं काही झालं नाही, कारण ती कुठे हललीच नाही. घर तिच्याकडे सरकवायचं काम माझं, हातात कंट्रोलर माझ्या. वयस्क माणसांना कंट्रोलर देऊ नये असं मी आता सगळ्यांना सांगणार आहे. (जाता जाता: पहिल्याच दिवशी हेडसेट अंगणाच्या कठड्यावर उलटा ठेवून चहा प्यायला गेलो. भिंगांवर ऊन पडलं. भिंगातून ऊन आत शिरलं की आतला पडदा जळतो, हे मी लोकांना शिकवतो. उजव्या डोळ्यात आता कायमचा एक पिवळा डाग आहे. आईला तो दिवा वाटतो.)

पहिली दहा मिनिटं ती काही बोलली नाही. मग म्हणाली, उंबरठा वर घे. किती? तिने वाकून हात जमिनीपासून वर धरला. मी टेप लावला, २१ सेंटिमीटर. मग म्हणाली, दार एवढं उंच नव्हतं, तुझे बाबा वाकून यायचे. तुझे आजोबा नाही वाकायचे, कपाळावर खूण होती. हळूहळू ठोकळे हलायला लागले. चार संध्याकाळी गेल्या. ती हाताने दाखवायची, मी ओढायचो. फोन समोर रेकॉर्डिंगला लावून ठेवला होता, शेवंतीताई.

भांडण झालं ते रांधपाच्या खोलीवरून. जोत्यावर मोजलेली रुंदी ३ मीटर १० सेंटिमीटर. आई म्हणे, शक्यच नाही, दोन माणसं समोरासमोर गेली तर अंग लागायचं. मी टेपची शपथ घेतोय, ती तिच्या बारा वर्षांची. मला वाटलं, आठवण आक्रसली असेल, लोकांचं होतं असं. दोन दिवस तो विषय तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी ती सहज म्हणाली, कणगी काढून टाकली असशील तर मोठं दिसणारच. भाताची कणगी. कूड विणून शेणाने लिंपलेली, तिच्या खांद्याएवढी, भिंतीला लागून. मी एक राखाडी पिंप ठेवलं. ती म्हणाली, "हां. आता अंग लागतं."

भिंत माझी बरोबर होती, खोली तिची बरोबर होती. मी पुढे काहीच बोललो नाही, चहा करायला गेलो.

कोरीव यांचं पथ्य पाळलंय. खरं ते चिऱ्याच्या रंगात, आईने सांगितलं ते राखाडी, आणि मी अंदाजाने भरलेलं काहीही नाही. त्यामुळे घराला मागची भिंत नाही. मागे गोठ्याकडे ती फारशी जात नसे, तो प्रांत आजीचा. तिथून सरळ पाणी दिसतं. आईला त्याचं काही वाटलं नाही.

विहिरीच्या वाटेवरून आत्याला फोन लावला. आत्या म्हणाली, वाट फणसाच्या उजवीकडून. आई म्हणाली, डावीकडून. दोघी पंधरा मिनिटं एकमेकींना 'तुला काय माहीत' ऐकवत होत्या. नकाशेवाल्यांच्या सांगण्यावरून कोरोनाची एक चौकट मिळाली आहे, पण आमच्या घराच्या जागी नेमकी सावली आहे की झाडी, मला अजून वाचता येत नाही. तूर्त दोन्ही वाटा ठेवल्यात. ट्रंकेत पंचनामा मिळाला. 'कौलारू घर १, माड ११, फणस २, काजू ४.' आई म्हणाली, माड तेरा होते, दोन मोजले नाहीत त्यांनी. हे ती चाळीस वर्षं धरून बसली होती असं दिसतंय. तेराच लावतोय.

आवाजासाठी पुढच्या मेची वाट बघतो. सोमेश्वराच्या उत्सवाला चार दिशांचा आवाज एकत्र घेणारा माइक भाड्याने आणणार आहे. वालकिणीकर, तुम्ही येणार असाल तर भेटू. शेजारचं ते जोतं काढून टाकलंय, तिथे तडकलेली जमीन आहे. तीही आता नीट बसली, चिखल्यांची कृपा.

छपराचं मात्र राहिलं. चौथ्या संध्याकाळी मी म्हटलं, आता कौलं घालतो, मग पूर्ण होईल. आई म्हणाली, नको एवढ्यात. आपण तिथे जातो तो महिना कोणता? मे. मेमध्ये कौलं परतायला काढलेली असायची, दोन-तीन दिवस घरावर नुसते वासे, आत ऊन पडायचं चुलीपर्यंत, आणि सगळ्यांचा जीव वर आभाळाकडे. ती म्हणाली, तसंच राहू दे. कौलं खाली अंगणात रचून ठेव, फुटकी वेगळी.

तर आता अंगणात कौलांच्या थप्प्या लावतोय. किती कौलं लागत असतील अशा घराला, कोणी सांगू शकेल का? आईला विचारलं तर म्हणते, ते गडी मोजायचे.